नववा आठवडा

भाचीने परवा फोनवर विचारलं, "मावशी, तू तिकडे अमेरिकेत युनिव्हर्सिटीत शिकवतेस ना?" म्हटलं, "नाही गं, कम्युनिटी कॉलेजात." "म्हणजे आपलं आयटीआय?" मी आधी हो म्हणाले, मग नाही म्हणाले, मग म्हटलं तू जेवून घे, हे लांबेल.

लांबतंच ते. अर्धं आयटीआय, अर्धं बारावीनंतरचं कॉलेज, आणि संध्याकाळी सहानंतर चक्क आपली रात्रशाळा. प्रवेशपरीक्षा नाही, कटऑफ नाही. बारावी झालेली असली, किंवा तिच्या बदली असते ती परीक्षा दिलेली असली, की नाव घालता येतं. दोन वर्षांची पदवी मिळते, किंवा वर्षभरात एखादं सर्टिफिकेट. असलं पहिलं सरकारी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएट गावात १९०१ साली निघालं. कम्युनिटी कॉलेज हे नाव मात्र १९४७ च्या ट्रूमन आयोगाच्या अहवालानंतर तोंडी बसलं, महायुद्धातून परतलेले शिपाई सरकारी खर्चाने कॉलेजात गर्दी करत होते तेव्हा. आमच्या न्यू जर्सीत आज अशी १८ कॉलेजं आहेत. घरचं वार्षिक उत्पन्न ६५ हजार डॉलरच्या आत असेल तर बाकीची मदत वजा जाऊन उरलेली फी राज्य सरकार भरतं.

त्या अठरांपैकी एकात मी मंगळवार-गुरुवार संध्याकाळी साडेसहा ते आठ वीस नेटवर्किंग, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं काम, शिकवते. २०१६ च्या जानेवारीपासून. आपल्याकडे 'तासिका तत्त्वावर' म्हणतात, इथे त्याला अ‍ॅडजंक्ट म्हणतात. इंग्रजीत म्हटलं की जरा बरं वाटतं, एवढाच फरक. पैसे क्रेडिटवर, म्हणजे विषयाला जितके श्रेयांक त्या हिशेबाने. आरोग्य विमा नाही, स्वतःचं टेबल नाही. पुढच्या सत्रात वर्ग मिळणार की नाही ते नोंदणीच्या आकड्यावर, आणि तो आकडा सत्र सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात कळतो. सांगलीच्या माझ्या मैत्रिणीने बारा वर्षं सीएचबीवर, म्हणजे त्याच तासिका तत्त्वावर, काढली आहेत. ती आणि मी फोनवर बोलायला लागलो की कोण कुठल्या देशात आहे ते पाच मिनिटांनी ओळखू येत नाही.

वर्गात २४ पीसी, म्हणून २४ मुलं. 'मुलं' ही माझी सवय. सर्वात लहान मूल सतरा वर्षांचं आहे, हायस्कूलमधून येऊन कॉलेजचे क्रेडिट आधीच खिशात घालणारं. सर्वात मोठं अठ्ठावन्न वर्षांचं होतं. मधले सगळे दिवसभर काही ना काही करून आलेले असतात. टर्नपाइक या टोल महामार्गाच्या ८-ए एक्झिटपाशी मैलच्या मैल गोदामं आहेत. तिथे पॅकिंग करणारे, फोर्कलिफ्ट चालवणारे असतात. पर्थ अँबॉयहून दोन बस बदलून येणारी डोमिनिकन मुलगी, सैन्यातून सुटलेला एक जण, डोनटच्या दुकानाचं गल्ला-हिशेब सांभाळून येणाऱ्या एक गुजराती काकू. काकू मला मॅडम म्हणतात. डोमिनिकन पोरं 'मिस' म्हणतात. बाकीचे प्रोफेसर म्हणतात, आणि ते ऐकलं की मी अजूनही मागे कोण उभं आहे ते बघते.

पहिल्या तासाला मी ओळखपाळख करून घेत नाही. वायर वाटते. प्रत्येकाला दोन फूट कॅट-सिक्स केबल, म्हणजे कॉम्प्युटर जाळ्याला जोडायची वायर, तिच्या टोकांना दोन कनेक्टर, दोघांत मिळून ते दाबून बसवायचं एक क्रिंपिंग टूल. वरचं साल सोलायचं, आतले आठ धागे उलगडायचे, सरळ करायचे, आणि या क्रमाने लावायचे: केशरी-पांढरा, केशरी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, चॉकलेटी-पांढरा, चॉकलेटी. एका रेषेत कापायचे, कनेक्टरमध्ये सरकवायचे, दाबायचं. मग टेस्टरला लावायचं. एक ते आठ दिवे ओळीने लागले की झालं.

पहिल्या फेरीत निम्म्यांचे लागत नाहीत. ज्यांचे लागतात ते बहुतेक गोदामवाले, गॅरेजवाले, नखं रंगवायच्या दुकानात काम करणाऱ्या बायका. बोटांना सवय असते. आणि मागच्या सत्रात पायथनमधलं प्रोग्रामिंग शिकून आलेला, पहिल्या बाकावर ऐटीत बसलेला पोरगा चौथा कनेक्टर वाया घालवत असतो. माझ्या मते हे दृश्य पहिल्या दिवशी सगळ्या वर्गाने बघणं चांगलं. त्याच्यासाठीही चांगलं.

आता या रंगांच्या क्रमात एक विचित्र गोष्ट आहे. केशरीची जोडी शेजारीशेजारी, निळ्याची शेजारीशेजारी, चॉकलेटीची शेजारीशेजारी. फक्त हिरवी जोडी फुटलेली, निळ्याच्या दोन बाजूंना एकेक. का? मी इंजिनिअरिंगला पाठ केलं, पुण्यात हिंजवडीला नोकरीत पाठ ठेवलं, इथे तीन वर्षं शिकवलं, आणि कुणी विचारलं की "स्टँडर्डच तसं आहे" म्हणून पुढे जायचे. मास्तरांच्या पोतडीतलं सगळ्यात जुनं उत्तर.

एका सत्रात तो अठ्ठावन्न वर्षांचा विद्यार्थी होता. आयुष्यभर टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस. खांबांवरचं काम कमी झालं, गुडघेही गेले, म्हणून शिकायला आलेला. कुणीतरी तोच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर द्यायला तोंड उघडलं. तो मागून म्हणाला, "मधल्या दोन तारा फोनच्या असतात." मग उठून फळ्यापाशी आला. जुन्या फोनच्या प्लगमध्ये पहिली लाइन अगदी मधल्या दोन पिनांवर असायची आणि दुसरी लाइन तिला दोन्ही बाजूंनी मिठी मारून. कॉम्प्युटरची केबल ठरवताना त्या भिंतीतल्या वायरिंगशी जुळायला हवं होतं, म्हणून मधली जागा निळ्याला तशीच ठेवली आणि हिरवीला फुटावं लागलं. एवढं सांगून तो जागेवर जाऊन बसला. वर्ग गप्प. मी म्हटलं, "हे मला माहीत नव्हतं." तो खुर्चीत जरा ताठ झाला, आणि मला वाटतं त्या सत्रात मी केलेलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं.

(हे सगळं जिथे चाललंय तिथून मरे हिलची बेल लॅब्ज, टेलिफोन कंपनीने काढलेली प्रयोगशाळा, गाडीने अर्ध्या तासावर. ट्रान्झिस्टर तिथे १९४७ मध्ये झाला. कॉम्प्युटरच्या एका शून्य-किंवा-एकला म्हणतात तो 'बिट' हा शब्द छापील स्वरूपात पहिल्यांदा आला तो १९४८ च्या क्लॉड शॅननच्या लेखात, तोही बेल लॅब्जचाच. शब्दाचं श्रेय त्याने जॉन टुकीला दिलं. विद्यार्थी रोज त्या रस्त्यांवरून कामाला जातात. मी हे सांगते तेव्हा त्यांना फारसं काही वाटत नाही. मला सांगलीत राहून हरिपूरच्या संगमाचं काय वाटायचं?)

चौथ्या-पाचव्या आठवड्यात सबनेटिंग येतं. गळती इथून सुरू होते असं सगळे सहकारी म्हणतात. ऑफिसच्या एका जाळ्यात २५६ पत्ते आहेत, ते चार विभागांत वाटायचे, कुणाला किती, कुठून कुठपर्यंत. गणित म्हणून बघितलं तर नुसतं अर्धं करत जाणं आहे. पण पुस्तकात ते शून्य-एकच्या रांगांनी मांडलेलं असतं, आणि दहा तास उभं राहून आलेल्या माणसाला संध्याकाळी सात वाजता ती रांग मुंग्यांसारखी दिसते.

मी दोन सत्रं पुस्तकासारखं शिकवलं आणि दोन्ही वेळा वर्ग झोपवला. मग एका रात्री भांडी घासताना आजोबा आठवले. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात ते दिवाणजी होते. पावकी, निमकी, दीडकी झोपेत म्हणायचे. आम्हा नातवंडांना जुनी नाणी दाखवून म्हणायचे, हा पैसा, दोन पैशांचा ढब्बू, दोन ढब्बूंचा आणा, दोन आण्यांची चवली, दोन चवल्यांची पावली, दोन पावल्यांची अधेली, दोन अधेल्यांचा रुपया. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले आणि शंभराचा रुपया झाला, ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "चौसष्टाचा रुपया वाटायला सोपा होता," म्हणायचे. "शंभर तीनदा अर्धा करून बघ, साडेबारा येतात. आता अर्धा पैसा कुठून आणू?"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. आजोबांच्या कपाटात अख्खं सबनेटिंग पडलेलं होतं.

पुढच्या तासाला फळ्यावर सात वर्तुळं काढली. चौसष्ट पत्त्यांचा गट म्हणजे स्लॅश-२६, तो रुपया. मोडला की दोन अधेल्या, स्लॅश-२७, बत्तीस-बत्तीस. पावली स्लॅश-२८. चवली स्लॅश-२९. आणा स्लॅश-३०, चार पत्ते. ढब्बू, मग पैसा, स्लॅश-३२, एकच पत्ता. स्लॅशनंतरचा आकडा एकाने वाढला की नाणं एकदा मोडलं. बस. आणि प्रत्येक गटातले पहिला आणि शेवटचा पत्ता कुणाला देता येत नाहीत, पहिला म्हणजे त्या जाळ्याचं नाव आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. ती अडत. रुपयातून दोन गेले की बासष्ट हातात. आण्यातून दोन गेले की दोनच, पण दोन राउटर जोडायला तेवढे पुरतात. ढब्बूतून अडत कापली तर हातात काहीच उरत नाही, म्हणून ढब्बूचा व्यवहार वेगळ्या कराराने होतो, तो नंतर.

चवली-पावली हे शब्द त्यांच्या तोंडात बसत नाहीत, पण सैन्यातून आलेला तो म्हणाला, "आमचं टू बिट्स!" अमेरिकेत पंचवीस सेंटना जुन्या बोलीत 'टू बिट्स' म्हणतात. स्पॅनिश डॉलरचे आठ भाग, म्हणजे आठ रेआल, पडायचे, त्यातले दोन म्हणजे पाव डॉलर. हा बिट वेगळा, शॅननचा वेगळा, पण त्या संध्याकाळी मी कुणाला ते समजावत बसले नाही. डोमिनिकन मुलगी लगेच रेआल-रेआल करू लागली. गुजराती काकूंना तर शिकवायची गरजच नव्हती. त्यांच्या सासऱ्यांनीही सोळा आण्यांचे हिशेब केले होते. त्यांनी शेजारच्या दोघांना शिकवलं. तेव्हापासून दर सत्रात पाचव्या आठवड्याला फळ्यावर रुपया येतो.

तरीही गळती थांबली नाही. चोवीसची वीस झाली, मग सतरा. मग मला कळलं की ती सबनेटिंगने होतच नव्हती.

२०१८ च्या वसंत सत्रात एक विद्यार्थी होता. नाव घेत नाही, तसाही तो हे वाचणार नाही. रात्रपाळीत गोदामात, संध्याकाळी माझ्या वर्गात. पहिल्या दिवशी पहिल्या फटक्यात आठ दिवे लागले ते त्याचे. दुसऱ्या आठवड्यात तो शेजाऱ्यांच्या केबली दुरुस्त करत फिरत होता. तिसऱ्या आठवड्यापासून दिसेनासा झाला. ईमेल पाठवले, उत्तर नाही. सहाव्या आठवड्यात मंगळवारी मी फळ्यावर पावल्या मोडत होते. आमच्या वर्गाच्या दाराला काचेची उभी पट्टी आहे. त्या पट्टीत तो दिसला. जॅकेट अंगात, पाठीवर सॅक. आत बघत होता, फळ्याकडे. मी मान हलवली, ये अशी. त्याने बहुतेक ती बघितली. मी हातातलं उदाहरण पुरं करू आणि मग दार उघडू म्हणून वळले. तीन मिनिटं लागली असतील. दार उघडलं तर कॉरिडॉर रिकामा.

नंतर हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'डब्ल्यू' आला. स्वतःहून नाव काढून घेतलं. आपण काय करणार, असं म्हणून मी तो सोडून दिला असता. पण सत्र संपताना शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसणाऱ्या एका बाईंशी चहा पिताना बोलणं झालं, आणि त्यांनी मला जे सांगितलं ते दोन वर्षं शिकवूनही मला ठाऊक नव्हतं.

केंद्र सरकारची पेल ग्रँट, म्हणजे गरजूंसाठीची शिष्यवृत्ती, घेऊन जो शिकतो त्याने सत्राचे साठ टक्के दिवस भरायला लागतात. साठ टक्क्यांच्या आत सगळे विषय सोडले तर जितके दिवस भरले तितकीच मदत त्याने 'कमावली' असं धरतात. उरलेली परत जाते. कॉलेज आपल्याकडचा वाटा सरकारला परत करतं, आणि मग तेवढं बिल विद्यार्थ्याच्या नावे येतं. फुकट शिकायला आलेला माणूस कर्ज घेऊन बाहेर पडतो. ते फिटेपर्यंत पुढच्या सत्राला नाव घालता येत नाही. वर 'डब्ल्यू' घेतलेले क्रेडिट प्रयत्न केल्यासारखे मोजतात, आणि घेतलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश पूर्ण केले नाहीत तर पुढची मदतही अडकते.

पंधरा आठवड्यांचे साठ टक्के म्हणजे नऊ. नववा आठवडा संपेपर्यंत जो टिकला त्याची मदत पुरी त्याची. तो पोरगा दारात आला होता तो सहावा आठवडा होता.

मी त्या रात्री घरी येऊन नवऱ्याशी भांडले, काहीही कारण नसताना. त्याने जेवण गरम करून दिलं आणि विचारलं, झालं काय. मी म्हटलं, तीन मिनिटं.

माझा स्वतःचा खंड सात वर्षांचा आहे. २००८ मध्ये लग्न करून आले ती एच-फोर व्हिसावर. नवऱ्याला नोकरी करता येते, बायकोला नाही, असा तो व्हिसा. शिकता येतं, म्हणून मधे मास्टर्स केलं. कमावता येत नव्हतं. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला, ज्यांच्या नवऱ्यांचं ग्रीन कार्डचं काम पुढे सरकलेलं होतं त्यांना कामाचा परवाना मिळू लागला. परवाना आला तेव्हा मी छत्तीस वर्षांची, आणि रेझ्युमेवर २००८ ते २०१५ मध्ये पांढरी जागा. मुलाखतीत प्रत्येक जण त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवायचा. चांगल्या शब्दांत, हसून. एका ठिकाणी तर मी इमारतीच्या काचेच्या दारापर्यंत गेले, आत रिसेप्शनवरची मुलगी बघितली, आणि पार्किंगमध्ये परत आले. तिथे कुणी मान हलवली असती तरी मी आत गेले नसते. म्हणून त्या पोराचं दारातून परत जाणं मला दुसऱ्या कुणाला समजावून सांगायला नको.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी कोर्स मोडून पुन्हा बांधला. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून आणलेल्या हापूसची एक रिकामी पेटी होती, ती दाराच्या आत, डाव्या हाताला ठेवली. म्हणजे उशिरा आलेल्याला वर्ग ओलांडून माझ्या टेबलापर्यंत यावं लागणार नाही. पेटीत पंधरा पुठ्ठे, एक ते पंधरा. प्रत्येक पुठ्ठ्यामागे त्या आठवड्याचा एकच कागद, पाठपोट. त्यावर तारीख नाही, फक्त आकडा. तारीख असली की माणूस आधी किती उशीर झालाय ते मोजतो. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर चार ओळींत तेवढंच मागचं, जेवढं आजच्यासाठी लागतं. सबनेटिंगच्या कागदावर सात नाणी, राउटिंगच्या कागदावर पुन्हा तीच सात नाणी. आणि खाली वीस मिनिटांत हाताने करायचं एक काम. ऐकायचं नाही, करायचं.

हे लिहायला सोपं, बांधायला महाकठीण. प्रत्येक धडा मागच्यावर टेकलेला असतो अशी आपली समजूत असते. कागद करायला बसले तेव्हा लक्षात आलं, निम्म्या वेळा धडा टेकलेला नसतो, आपणच त्याला टेकवून ठेवलेलं असतं, कारण आपल्याला तसं शिकवलं होतं. नेटवर्कचं सगळं काम सात थरांत मांडणारं ओएसआय मॉडेल पुस्तकात आधी येतं, पण ते थर पहिल्याच आठवड्यात कशाला हवेत? १९८४ चं ते शास्त्र कुठे पळून जात नाही. मी त्यांना दहाव्या आठवड्यात नेलं. तोपर्यंत मुलांनी केबल जोडलेली असते, पत्ता दिलेला असतो, पिंग मारून, म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक मारून, उत्तर आलेलं-न आलेलं बघितलेलं असतं. मग थर शिकवायला लागत नाहीत, नावं सांगायला लागतात. एका पूर्णवेळ सहकाऱ्याला हे पटलेलं नाही. पाया आधी, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा वर्ग सकाळी दहाचा आहे.

वर्गात एकच नियम तोंडी सांगते: परत आलेल्याला "कुठे होतास" असं कुणी विचारायचं नाही. मीसुद्धा. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर नऊचा आकडा लिहून गोल करते, साठ टक्क्यांचा हिशेब मांडते. सोडायचं झालं तर सोडा, पण आधी मला किंवा खिडकीवरच्या बाईंना भेटा. हे सांगताना वर्गातल्या अर्ध्या चेहऱ्यांवर दिसतं की हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

तसंच दुसरं एक. 'असोसिएट इन सायन्स' आणि 'असोसिएट इन अप्लाइड सायन्स' ही दोन नावं यादीत खाली-वर असतात आणि पोरं डोळे मिटून एक निवडतात. २००७ च्या राज्याच्या कायद्याने पहिलीचे क्रेडिट न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला घेऊन जाता येतात. दुसरीची तशी हमी नाही, ती सरळ नोकरीसाठी. अप्लाइड शब्द भारदस्त वाटतो म्हणून दोन वर्षं घालवलेले लोक मी बघितले आहेत. हा माझ्या विषयाचा भाग नाही. तरी दुसऱ्या आठवड्यातली दहा मिनिटं मी यावर घालवते.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं घरी गेलं तेव्हा पेटी घरी आली आणि कागदांचे फोटो काढून मी पाठवू लागले. पॅकेट ट्रेसर या नकली नेटवर्क बांधायच्या सॉफ्टवेअरवर खोट्या राउटरना खोट्या केबली जोडत होतो. एक जण दर मंगळवारी गाडीतून यायचा. कॅमेऱ्यात स्टिअरिंगचा तुकडा दिसायचा. त्याच्या घरी इंटरनेट नव्हतं म्हणून तो कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडी लावून तिथलं वायफाय पकडायचा. नेटवर्किंगच्या विद्यार्थ्याच्या घरी नेटवर्क नाही, यावर तोच पहिल्यांदा हसला. एकदा थंडीत गाडीचं इंजिन चालू ठेवलेलं ऐकू येत होतं. मी म्हटलं, आज कागद घेऊन जा, उत्तरं उद्या सांग. तो म्हणाला, "नो मिस, आय अ‍ॅम ऑलरेडी हिअर."

त्यानंतर चॅटजीपीटी आलं. त्याबद्दल लोक मला फार विचारतात. गृहपाठ एकदम सुंदर येऊ लागले, तीन आठवडे मी खूश होते, मग शहाणी झाले. आता घरचे गृहपाठच नाहीत. समोर बस, टर्मिनल उघड, या मशीनचा पत्ता काय, हे त्याला का दिसत नाही ते शोध. मी मुद्दाम एका केबलमध्ये हिरवा-निळा उलटा लावून ठेवते. ते यंत्राला विचारून सापडत नाही, टेस्टरलाच लावावं लागतं.

तासगावला माझी चुलत वहिनी एमएस-सीआयटीचं केंद्र चालवते. सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागतं म्हणून तिच्याकडे तलाठी होऊ बघणारी पोरं आणि बढतीसाठी आलेले पन्नाशीचे शिक्षक एकाच बाकावर. मी तिला पेटीचं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडे ऊसतोड सुरू झाली की निम्मी गायब, मग द्राक्षाची छाटणी. मी त्यांच्यासाठी वेगळी बॅचच काढते, नाव 'दुसरी बॅच'. सगळ्यांना माहिताय ती कसली." तिने हे माझ्या आधी दहा वर्षं केलेलं होतं, आणि त्यावर तिला ब्लॉग लिहावासा वाटला नव्हता.

आकडे विचाराल तर क्रांती वगैरे काही झालेली नाही. चोवीसपैकी पूर्वी बारा-तेरा शेवटच्या दिवशी असायचे, आता सोळा-सतरा असतात. एका सत्रात अकराच होते. काही जणांना कागद पुरत नाही, त्यांना मूल सांभाळणारं कुणीतरी पुरेल, किंवा चालणारी गाडी. त्यातलं मला काही देता येत नाही. नेटवर्क-प्लस या नोकरीला उपयोगी पडणाऱ्या सर्टिफिकेटची परीक्षा नऊशेपैकी सातशेवीसला पास होते. ती पास झालेल्यांचे मेसेज येतात, बहुतेक रात्री एक वाजता, पाळी संपल्यावर. काचेच्या पट्टीतला तो पोरगा कधी परत आला नाही. मी अजूनही शिकवताना दाराला पाठ करून उभी राहत नाही. फळ्यावर लिहिताना मान वाकडी होते, त्याला इलाज नाही.

या सत्रात आता आठवा आठवडा संपलाय. सहा जण दिसत नाहीत. गुरुवारी वर्ग संपल्यावर पेटी आवरताना बघितलं तर नऊ नंबरच्या पुठ्ठ्यामागचा एक कागद कमी. मी दर पुठ्ठ्यात मोजून दहा ठेवते, आणि नऊ नंबर अजून वर्गात काढलेलाच नाही. कुणीतरी मधल्या सुट्टीत येऊन नेला असणार. हजर असलेल्यांना विचारलं नाही. क्रिंपिंग टूलही एक कमी आहे, ते मात्र सोमवारपर्यंत शोधायला हवं, लॅबवाला माझ्या नावावर लावेल.